सातचा भोंगा आणि निळी टिक

आत्याचा फोन आला तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते आणि मी कुकरचं झाकण घासत होतो. "झोपला नाहीस ना रे?" एवढं विचारून तिने थेट मुद्द्याला हात घातला. इस्लामपुरातल्या नव्या घराच्या वास्तुशांतीचे तेवीस फोटो तिने दुपारी घरच्या ग्रुपवर टाकले होते. कुणी अंगठा दाखवला होता, कुणी हात जोडले होते, नागपूरच्या काकांनी तर पूजेच्या फोटोखाली चांगल्या सहा ओळी लिहिल्या होत्या. माझं काहीच नव्हतं. "मी मेसेज दाबून धरून बघितलं की. वाचलेल्यांत तुझं नाव होतं," आत्या म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं.

फोटो मी बघितले होते. बसमध्ये, एका हाताने दांडी धरून. देवघराची जागा छान निवडलीय असं लिहायचं मनातही आलं होतं, पण स्टॉप आला आणि राहून गेलं. ते राहून गेलेलं वाक्य घेऊन मी पुढचा अर्धा तास एकच झाकण घासत बसलो.

"सोशल मीडियापासून चार हात लांब राहा, मनाला शांती मिळेल" हा सल्ला हल्ली कीर्तनकारापासून कंपनीतल्या एचआरपर्यंत सगळेच देतात. (आणि तो बहुतेक वेळा रीलमधूनच आपल्यापर्यंत येतो.) सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. त्या रात्री माझी झोप नेमकी कुणी उडवली, फोनने की आत्याने? नीट बघितलं तर यात दोन वेगळे धागे एकमेकांत गुंतलेले दिसतात. एक आहे यंत्राची ओढ आणि दुसरा माणसांचा दाब. ओढ ज्याची त्याची असते, तिच्याशी एकट्याने थोडंफार झगडता येतं. दाब मात्र सगळ्यांनी मिळून तयार केलेला असतो. एकटा माणूस बाजूला झाला की तो कमी व्हायचं सोडून वाढतो. म्हणूनच बहुतेकांचं "आजपासून फोन बंद" हे व्रत तिसऱ्या दिवशी मोडतं, आणि मग आपण स्वतःच्या निग्रहाला दोष देत बसतो.

'येईल एवढ्यात'

आधी ओढ समजून घेऊ. एसटी स्टँडवर बसलेला माणूस आठवा. गाडी सव्वापाचची आहे आणि ती सव्वापाचलाच लागते हे पक्कं ठाऊक असेल तर तो बाकावर बसून निवांत शेंगा खातो. पण चौकशीच्या खिडकीतून "येईल एवढ्यात" असं उत्तर आलं की संपलं. दर मिनिटाला मान वळते. आत शिरणाऱ्या प्रत्येक गाडीची पाटी वाचली जाते. उठायचं, बघायचं, परत बसायचं. गाडी तीच, प्रवासही तोच. माणूस दमतो तो ती कधी येणार हे माहीत नसल्यामुळे.

आपला मोबाइल म्हणजे चोवीस तास चालणारं "येईल एवढ्यात". त्यात काहीतरी येणार हे नक्की असतं. ते कधी येईल आणि कामाचं असेल की नाही, हे मात्र सांगता येत नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी गेल्या शतकाच्या मध्यात कबुतरांवर याचेच प्रयोग केले. पिंजऱ्यात एक बटण, चोच मारली की दाणा. प्रत्येक वेळी दाणा मिळत असेल तर कबुतर भूक लागली की चोच मारतं, आणि दाणे बंद झाले की लवकरच नाद सोडतं. पण दाणा कधी मिळतो, कधी नाही, असा बेभरवशाचा हिशेब ठेवला की ते चोच मारतच राहतं. दाणे पूर्ण बंद केले तरी कितीतरी वेळ मारत राहतं. लॉटरीचं दुकान याच स्वभावावर चालतं. फोनमध्ये बोटाने पडदा खाली ओढून सोडायची ती जी हालचाल आहे, ती लॉरेन ब्रिक्टर या प्रोग्रॅमरने ट्वीटी नावाच्या ॲपसाठी शोधली. ओढा, सोडा, आणि बघा दाणा पडतो का.

फेसबुकवर लाइकचं बटण आलं ९ फेब्रुवारी २००९ रोजी. त्याआधी फोटो टाकला की विषय संपायचा. बटण आल्यावर प्रत्येक फोटोला गुण मिळू लागले, तेही सुटे सुटे, दिवसभर झिरपत येणारे. निकाल एकदाच लागून मोकळा होत नाही, म्हणून मुलगा दहा वेळा जाऊन बोर्डावर बघतो, तशातली गत.

इथे बहुतेक जण डोपामिनचं नाव घेतात आणि त्याला "आनंदाचं रसायन" म्हणून मोकळे होतात. यात एक घोळ आहे आणि तो सोडवण्यासारखा आहे. मिशिगन विद्यापीठातले संशोधक केंट बेरिज यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवून बघितलं. त्या उंदरांच्या जिभेवर गोड पाणी ठेवलं तर ते पूर्वीसारखेच मिटक्या मारायचे. म्हणजे चव आवडत होती. पण अन्न समोर ठेवलं तरी ते स्वतःहून त्याच्याकडे जात नव्हते. आवडणं आणि हवंसं वाटणं या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि डोपामिनचा संबंध मुख्यतः दुसरीशी आहे. जेवण झाल्यावर पोट भरलेलं असताना चिवड्याच्या डब्यात जाणारा हात आठवा. चिवडा आवडतोय असं नाही, चव तर तिसऱ्या घासानंतर कळतही नाही. पण हात जातो. रात्री साडेअकराला स्क्रोल करणारा अंगठा हा तोच हात आहे. म्हणूनच तासभर फोन बघून उठल्यावर "मजा आली" असं कुणी म्हणत नाही. "अरे, साडेबारा वाजले" असं म्हणतात.

चिवड्याचा डबा निदान रिकामा तरी होतो. पूर्वी पेपर वाचून संपायचा, टीव्हीवरच्या बातम्या साडेसातला संपायच्या. न संपणारं पान, म्हणजे खाली सरकत गेलं की आपोआप पुढचं भरत जाणारं, ही कल्पना २००६ मध्ये एझा रास्किन यांनी मांडली. पुढे त्यांनीच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. "पुढचं पान" असं बटण दाबावं लागत होतं तेव्हा निदान त्या अर्ध्या सेकंदात माणसाला विचारायची संधी होती, बास करू का? तेवढी फट बुजवली गेली.

मागच्या बाकावरच्याचा थ्री बीएचके

ओढ आणि दाब यांच्या मधोमध आणखी एक गोष्ट आहे: तुलना. लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये मांडलेला विचार असा की स्वतःला मोजायला पट्टी सापडली नाही की माणूस दुसऱ्या माणसाकडे बघतो, आणि बहुधा आपल्यासारख्याच माणसाकडे. अंबानींच्या घराने आपली झोप उडत नाही. बारावीला आपल्या मागच्या बाकावर बसून गणितं उतरवून घेणाऱ्याच्या थ्री बीएचकेने उडते. पूर्वी तो मागच्या बाकावरचा बारावीनंतर गायब व्हायचा, दहा वर्षांनी एखाद्या लग्नात भेटायचा. आता तो रोज सकाळी चहाबरोबर भेटतो.

आणि ही तुलना मुळातच वाकडी असते. त्याचं कारण गणिती आहे. समजा एका वाडीत पाच घरं आहेत. किराणा दुकानदाराची बाकी चौघांशी ओळख, पण ते चौघे एकमेकांना ओळखत नाहीत. आता त्या चौघांपैकी कुणालाही विचारा. माझा मित्र एक, आणि माझ्या त्या मित्राला मात्र चार मित्र. पाचांपैकी चौघांना वाटतं की आपण कमी पडलो! कुणी खोटं बोललेलं नाही, कुणी मिरवलंही नाही. ज्याच्या ओळखी जास्त तो जास्त जणांच्या यादीत दिसतो, एवढंच. समाजशास्त्रज्ञ स्कॉट फेल्ड यांनी १९९१ मध्ये हे दाखवून दिलं, आणि तेव्हा फेसबुकचा जन्मही झाला नव्हता. आता यात भर घाला की जो सतत फिरायला जातो तोच सतत फोटो टाकतो. घरी वरण-भात खाऊन झोपलेल्या पाचशे जणांचा फोटो कुणाच्याच फोनवर येत नाही. आपल्याला दिसतं ते, "सगळे कोकणात गेलेत आणि मी एकटा इथे."

हे गणित कळल्याने मत्सर जातो असं नाही. माझा गेला नाही. पण "माझंच काहीतरी चुकतंय" ही टोचणी थोडी बोथट होते.

मौनाला निमित्त लागतं

आता दाब. "चार लोक काय म्हणतील" हे वाक्य व्हॉट्सॲपपेक्षा फार जुनं आहे. ते चार लोक पूर्वीही होते. ओसरीवर, पाराशी, चाळीच्या जिन्यात. पण रात्री ते आपापल्या घरी जायचे. दार लावलं की तुम्ही त्यांच्यापुरते संपलात. शिवाय गप्प राहायला हजार निमित्तं होती. पत्राचं उत्तर गेलं नाही? पोस्टात गहाळ झालं असेल. ट्रंककॉल लागला नाही? लाइन खराब असेल. भेटायला आला नाही? गाडी चुकली असेल. समोरच्यालाही ही निमित्तं मान्य असायची, कारण तोही तीच वापरायचा. नात्यांमध्ये ही थोडी धूसर जागा फार उपयोगाची होती.

नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॉट्सॲपने निळी टिक आणली आणि ही जागा आखडली. संदेश पोचला, उघडला गेला, किती वाजता, सगळं उघड. आता गप्प बसणं हेच एक उत्तर झालं, आणि त्याचा अर्थ लावायला समोरचा मोकळा. आत्याने लावला तसा. त्यातून मग एक विचित्र शिष्टाचार तयार झाला. श्रद्धांजलीचा एकच मजकूर बेचाळीस जण चिकटवतात. वाढदिवसाला केकचं तेच चित्र येतं. आपण ते मनापासून करत नाही हे आपल्याला माहीत असतं, समोरच्यालाही माहीत असतं, तरी कुणी थांबत नाही. कारण पहिला थांबणारा "बदलला" ठरतो. "स्टेटस बघतो, पण मेसेजला उत्तर देत नाही" हे आमच्या घरात आता रीतसर आरोपपत्र आहे.

ग्रुप सोडणं तर त्याहून कठीण. अमुकने ग्रुप सोडला ही ओळ सगळ्यांसमोर यायची, भर पंगतीतून ताट सरकवून उठल्यासारखी. ऑगस्ट २०२२ मध्ये व्हॉट्सॲपने गुपचूप बाहेर पडायची सोय जाहीर केली. सूचना जाते ती फक्त ॲडमिनला. आता, ॲडमिन जर आत्याच असेल तर त्या सोयीचा उपयोग काय, हा वेगळा प्रश्न.

या दाबाची किंमत मोजायचा एक सुंदर प्रयोग अर्थशास्त्रज्ञांनी केला आहे. शिकागो विद्यापीठातले लिओनार्डो बर्स्टिन आणि त्यांचे सहकारी. २०२३ मध्ये त्यांचा शोधनिबंध आला. अमेरिकेतल्या हजाराहून जास्त कॉलेजच्या मुलांना त्यांनी विचारलं, चार आठवडे टिकटॉक बंद ठेवायचे किती पैसे घ्याल? सरासरी उत्तर आलं ५९ डॉलर. इन्स्टाग्रामचे ४७. म्हणजे ही ॲप मुलांना हवीहवीशी आहेत असं दिसतं. मग पुढचा प्रश्न. तुमच्या कॉलेजातल्या सगळ्यांचंच एकदम बंद झालं, तुमच्यासकट, तर? आता पारडं फिरलं. पैसे मागायचं राहिलं बाजूला, असं होणार असेल तर सरासरी मुलगा वर स्वतःच्या खिशातले पैसे द्यायला तयार होता: टिकटॉकसाठी २८ डॉलर आणि इन्स्टाग्रामसाठी १०.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. एकट्याने सोडायचं तर पैसे द्या, सगळे सोडणार असतील तर आम्हीच पैसे देतो. म्हणजे बरीच मुलं तिथे आवडतं म्हणून थांबलेली नाहीत. आपण एकटे बाहेर पडलो तर वगळले जाऊ, या भीतीने थांबली आहेत. आणि प्रत्येकाला तीच भीती आहे. अर्थशास्त्रज्ञ याला सामूहिक सापळा म्हणतात.

आमच्या भागात ज्यांनी जत्रेतल्या कुस्त्या बघितल्यात त्यांना हा सापळा वेगळा सांगायला नको. पुढच्या रांगेतला एक गडी उत्साहात उभा राहतो. मागच्याला दिसेना, म्हणून तोही उभा. बघता बघता सगळं मैदान उभं. आता कुणालाच आधीपेक्षा जास्त दिसत नाही, फक्त सगळ्यांचे पाय दुखतात. पण एकट्याने बसावं तर समोर नुसत्या पाठी. तुम्ही कितीही निग्रही असा, त्या मैदानात एकट्याने बसणं हा उपाय नव्हे. उपाय असतो माइकवरचा माणूस. "बसून घ्या मंडळी, खाली बसून घ्या!" सगळे एकदम बसतात, तेव्हाच बसण्यात अर्थ असतो.

देवळावरचा भोंगा

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे साधारण तीन हजार वस्तीचं गाव आहे. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथे संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. भोंगा झाला की घरोघर टीव्ही बंद, मोबाइल बाजूला. पोरं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात किंवा बोलतात. साडेआठला पुन्हा भोंगा, मग ज्याचं त्याला मोकळं.

कारण साधं होतं. कोविडच्या काळात शाळा मोबाइलवर आली. पुढे शाळा परत वर्गात गेली, पण मोबाइल पोरांच्या हातातच राहिला. शिक्षकांच्या ते लक्षात आलं. सरपंच विजय मोहिते यांनी दीड तासाची कल्पना मांडली तेव्हा पुरुष मंडळी आधी हसली. मग बायकांची बैठक घेतली. मालिकांपायी आपलाही वेळ जातो हे त्यांनी मोकळेपणाने कबूल केलं आणि कल्पना उचलून धरली. तरी नुसत्या ठरावाने काम झालं नाही. सुरुवातीला ग्रामपंचायतीची माणसं, आशा आणि अंगणवाडीच्या ताई, निवृत्त शिक्षक घरोघर फिरून सांगत, सात वाजले हो. पुढे बेळगावजवळच्या हलगा गावानेही असाच संध्याकाळचा भोंगा सुरू केला.

या बातमीकडे बहुतेकांनी "बघा, खेड्यातले लोक किती शहाणे" अशा कौतुकाने बघितलं. मला त्यातली युक्ती जास्त आवडते. भोंगा कुणाचा फोन हिसकावत नाही. तो फक्त एक गोष्ट करतो: सगळ्यांना एकाच वेळी सांगतो, आणि सगळ्यांनी ऐकलंय हेही सगळ्यांना कळतं. मग सात वाजून दहा मिनिटांनी पाठवलेल्या मेसेजला उत्तर आलं नाही तर त्याचा काहीच अर्थ निघत नाही. भोंगा झालाय ना! निळ्या टिकेने मौनाचं जे निमित्त काढून घेतलं होतं, ते भोंग्याने परत दिलं.

एक गंमतही नोंदवायला हवी. घरोघर फिरून आठवण करणं हाही दाबच. म्हणजे गावाने दाबाला उत्तर दाबानेच दिलं, फक्त तो दुसऱ्या दिशेने लावला. आणि साडेआठच्या भोंग्यानंतर हात परत फोनकडे जाणारच. दीड तासात कुणी साधू होत नाही. पण रोजचा दीड तास "कुणीच काही मागणार नाही" असा मिळणं ही लहान गोष्ट नाही.

ही युक्ती आपल्याला नवीही नाही. पुण्याच्या दुकानदारांची "दुपारी १ ते ४ बंद" ही पाटी घ्या. उभ्या महाराष्ट्राने तिच्यावर विनोद केले, पण त्या पाटीमुळे दुपारी दोन वाजता दार न उघडणारा दुकानदार उद्धट ठरत नव्हता. फार तर पुणेरी ठरायचा. गांधीजी सोमवारी मौन पाळत. काही सांगायचंच असेल तर कागदाच्या चिठ्ठीवर लिहून देत. देशाचं राजकारण ज्या माणसाभोवती फिरत होतं तो आठवड्यातला एक दिवस बोलत नसे, आणि तो रुसलाय असं कुणाला वाटत नसे. कारण वार ठरलेला होता. इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात गेलेला माणूस सुरुवातीलाच फोन जमा करतो. तो आधी सगळ्यांना सांगून जातो, म्हणून मागे कुणाची कुरबुर नसते. हाच माणूस घरी बसून दहा दिवस फोन उचलेनासा झाला असता तर तिसऱ्या दिवशी मेहुणा दार ठोठावायला आला असता.

मग मिळतं काय?

प्रामाणिक उत्तर: थोडं. चमत्कार नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या निवडणुकीआधी काही अर्थशास्त्रज्ञांनी लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं. त्यांचा दिवसाला सरासरी तासभर मोकळा झाला. तो तास गेला घरच्यांशी, मित्रांशी प्रत्यक्ष बोलण्यात, आणि हो, एकट्याने टीव्ही बघण्यातही. समाधान वाढलं, पण किंचित. राजकीय कडवटपणा कमी झाला आणि बातम्यांची माहितीही कमी झाली. लक्षात राहण्यासारखं म्हणजे, चार आठवडे संपल्यावरही या लोकांचा वापर आधीपेक्षा कमीच राहिला. एकदा उठून बाहेर आल्यावर त्यांना कळलं असावं की आत फारसं काही चुकत नव्हतं.

दुसरा एक प्रयोग मला रोजच्या वापरासाठी जास्त उपयोगाचा वाटतो. २०१९ चा आहे. काही लोकांच्या फोनवरच्या सूचना दिवसभर टपकत ठेवण्याऐवजी दिवसातून तीनदा, ठरलेल्या वेळी, एकगठ्ठा दिल्या. त्यांचा ताण कमी झाला, लक्ष लागू लागलं. दुसऱ्या गटाच्या सूचना पूर्णच बंद केल्या. तुम्हाला वाटेल त्यांना सगळ्यात शांत वाटलं असेल. उलट झालं. त्यांना हुरहुर वाढली, आपलं काही राहून जातंय की काय. एसटी स्टँडवरच्या माणसाकडे परत या. गाड्या बंद करून तो शांत होत नाही. तो शांत होतो वेळापत्रक लागल्यावर. फोनमध्ये व्हॉट्सॲपची घंटी बंद करून सकाळी, दुपारी आणि रात्री अशा तीन वेळा आपणच ठरवून उघडणं, हे घरगुती वेळापत्रक. फोन कॉलची घंटी चालू ठेवायची, म्हणजे खरी अडचण असलेला माणूस पोचतोच. निळी टिकही सेटिंगमधून बंद करता येते. मग दुसऱ्यांच्या निळ्या टिका आपल्यालाही दिसत नाहीत, हा त्यातला छुपा फायदा आहे. ग्रुपला मात्र ही सोय लागू नाही, तिथे आत्याला सगळं दिसतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधी सांगून टाकणं. लग्नपत्रिकेच्या तळाशी "कृपया आहेर आणू नये" अशी ओळ असते. एवढ्याशा ओळीने पाचशे माणसं सुटतात. आणला नाही तर काय म्हणतील, आणला आणि बाकीच्यांनी नाही आणला तर कसं दिसेल, सगळी घालमेल एका ओळीत मिटते. ती ओळ न छापता यजमानाने मनातल्या मनात "मला आहेर नको" असं ठरवलं असतं तर काही झालं असतं का? आपण फोनच्या बाबतीत नेमकं तेच करतो. ठरवतो मनात, आणि लोकांनी समजून घ्यावं अशी अपेक्षा ठेवतो.

हे सगळं ज्यांना परवडतं त्यांच्यासाठी आहे, हेही लिहायला हवं. आशा ताईंना कामाचे निरोप व्हॉट्सॲपवरच येतात, शाळेतल्या शिक्षकांना परिपत्रकं तिथेच येतात. घरी पापड-लोणची करून विकणाऱ्या बाईचं दुकान म्हणजे तिचं स्टेटस. त्यांना "फोन बाजूला ठेवा" सांगणं म्हणजे शटर ओढा सांगण्यासारखं. तिथे भोंगा वाजवायची जबाबदारी निरोप पाठवणाऱ्या साहेबांची आहे, रात्री साडेनऊला "उद्या सकाळपर्यंत माहिती पाठवा" लिहिणाऱ्यांची. ज्यांच्या न्यू जर्सीतल्या मुलाची सकाळ आपल्या संध्याकाळी असते, त्या आईबापांसाठीही दीड तास वेगळा काढावा लागेल. आणि ज्यांना ठरवूनही थांबता येत नाही, झोप, अभ्यास, नोकरी सगळं त्यात चाललंय, त्यांच्यासाठी हा लेख अपुरा आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी वेगळं क्लिनिक चालतं. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही.

आमच्या घरी आम्ही तिघं. रात्री आठ ते दहा फोन चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये. पहिल्या रात्री पावणेनऊला मुलीने तिसऱ्यांदा किती वाजले विचारलं. मग पत्ते काढले, तिघांचा पाच-तीन-दोन. त्यात सत्त्या दोनच घ्यायच्या हे आठवलं, पण कुठल्या दोन यावर बायकोचं आणि माझं जमेना. हात सवयीने ड्रॉवरकडे गेला. मुलगीच म्हणाली, शेजारच्या आजींना विचारूया. आजी दारातच म्हणाल्या, "इस्पिक आणि बदाम," आणि मग चप्पल काढून आतच आल्या. साडेदहापर्यंत बसल्या होत्या. दोन डाव जिंकल्या.

दुसऱ्या दिवशी मी घरच्या ग्रुपवर पत्रिकेतल्यासारखी ओळ टाकली. "आमच्याकडे रात्री ८ ते १० फोन बाजूला असतात. अडलं-नडलं तर कॉल करा, घंटी चालू आहे. मेसेज दहानंतर बघू." चुलतभावाने हसणारी चार तोंडं पाठवली आणि "वडगावचा भोंगा पुण्यात का?" असं विचारलं. काकांनी हात जोडले. आत्याचं उत्तर तासाभराने आलं: "बरं. मग मी दहानंतर टाकत जाईन."

तेव्हापासून रोज रात्री दहा वाजून एक मिनिटाने तिचा शुभ रात्रीचा गणपती येतो.